श्रद्धा नसलेल्या माणसाने मृत्यूची तयारी कशी करावी

ईश्वर न मानणाऱ्या माणसाचे वर्षभर फारसे कुठे अडत नाही. गणपतीच्या आरतीला तो मागे उभा राहतो, लग्नात अक्षता टाकतो, तीर्थप्रसाद नाकारण्याऐवजी हातावर घेतो आणि घरातली शांतता टिकते. त्याची खरी अडचण घरात मृत्यू होतो त्या दिवशी सुरू होते. श्रद्धाळू घरात त्या वेळी काय करायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते: तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल कोणी घालायचे, मडके कोणी धरायचे, दहाव्याला कोणत्या घाटावर जायचे, तेराव्याला कोणाला बोलवायचे. नास्तिकाला मात्र काय करायचे नाही एवढेच ठाऊक असते, आणि नुसत्या नकाराच्या बळावर ते बारा तास निभावत नाहीत. जो मोठ्याने बोलतो त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळे पार पडते आणि गेलेल्या माणसाची इच्छा कोणी विचारात घेत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. आजी गेली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि नवीनच नास्तिक झालो होतो. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना, सगळे ताटकळत उभे होते, आणि आत्या हात जोडून आजीला विनवत होती की तुझी काय इच्छा राहिली असेल ती आम्ही पुरी करू. मी तिथेच कावळ्यांच्या सवयींवर व्याख्यान दिले. मी बोललो त्यात चुकीचे काही नव्हते. पण आत्याचा चेहरा त्या क्षणी जसा झाला तो मला अजून दिसतो. तिच्या लेखी तिची आई त्या क्षणी तिथे होती आणि मी तिला दुसऱ्यांदा नेले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत, विशेषतः वडिलांच्या मृत्यूच्या वेळी, मी जे शिकलो ते पुढे मांडतो आहे.

पहिली गोष्ट, स्वतःची भीती मान्य करावी. श्रद्धा सोडली की मृत्यूचे भयही सुटते, असे आपल्यापैकी पुष्कळजण चारचौघांत भासवतात, आणि ते खरे नसते. श्रद्धाळू माणसाला निदान पुनर्जन्माचा, वैकुंठाचा किंवा जन्नतचा आधार असतो. आपल्यापाशी तोही नसतो. रात्री तीन वाजता जाग येते, बाजूला माणसे शांत झोपलेली असतात आणि एक दिवस आपण नसू हा विचार छातीवर येऊन बसतो. अशा वेळी स्वतःला तर्क ऐकवण्याआधी एक काम करावे: दिवसा, उजेडात, कागद घेऊन आपल्याला नेमके कशाचे भय वाटते ते वेगवेगळे लिहून काढावे. मृत्यूचे भय म्हणून जे एकच मोठे गाठोडे वाटते, ते सोडल्यावर त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी निघतात आणि त्या चारींना एकच औषध लागू पडत नाही.

त्यांतली एक वेदनेची आणि परावलंबनाची भीती असते, म्हणजे अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहण्याची. हिला तत्त्वज्ञानाचा काही उपयोग नाही. हिच्यासाठी कागदपत्र आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 साली झालेल्या हल्ल्यानंतर 2015 सालच्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे 42 वर्षांच्या आसपास, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. पुढे 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात ते आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र ग्राह्य ठरवले. सुरुवातीची पद्धत फार किचकट होती. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सोपी केली, आणि आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. बरे होण्याची आशा उरली नसेल तर कोणते उपचार नकोत, आणि आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यायचा, हे त्यात स्पष्ट लिहावे. एक प्रत घरच्यांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक महापालिकेच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. शेवटच्या आजारात वेदना आटोक्यात ठेवणे ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपल्या शहरात ती सेवा कुठे मिळते हे धडधाकट असतानाच विचारून ठेवावे.

दुसरी भीती मागे राहणाऱ्यांची असते. गोपाळ गणेश आगरकर बुद्धिवादाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली होती. दम्याने जर्जर होऊन 1895 साली, चाळिशीच्याही आत, ते गेले, तेव्हा आपल्या दहनाच्या खर्चापुरते पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेवलेले आढळले, असे सांगितले जाते. मला त्यांच्या कोणत्याही निबंधापेक्षा ती पुडी मोठी वाटते. परलोक न मानणाऱ्या माणसाने इहलोकात मागे राहणाऱ्या बाईवर आपल्या मरणाचा भार पडू नये म्हणून केलेली ती व्यवस्था होती. तेव्हा मृत्युपत्र करावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी केलेलेही चालते, नोंदणी सक्तीची नाही. कोणाचे उसने देणे आहे, घरी काम करणाऱ्या मावशींचा किती महिन्यांचा पगार बाजूला ठेवायचा, हेही लिहावे.

तिसरी भीती राहून गेलेल्या गोष्टींची असते. न बोललेल्या भावाला फोन करणे, एवढाच तिच्यावर उपाय आहे, आणि तो आजच करता येतो.

चौथी भीती मात्र निव्वळ नसण्याची, आणि तिच्याबद्दल मी प्रामाणिकपणे सांगतो की ती पूर्ण जात नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा जुना युक्तिवाद असा, की आपण असतो तोवर मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, मग दोघांची गाठ पडणार कुठे. दुसरा युक्तिवाद असा, की आपल्या जन्माआधीच्या अनंत काळात आपण नव्हतो आणि त्याचे आपल्याला काहीच दुःख वाटत नाही. हे दोन्ही विचार मला पटतात आणि दिवसा त्यांचा आधारही वाटतो. रात्रीच्या भयावर मात्र माणसांच्या सोबतीचाच उपयोग होतो. मोहरीचे दाणे मागायला घरोघर पाठवलेल्या किसा गौतमीची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत असते. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या आईला बुद्धाने आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणायला सांगितले. मोहरी घरोघर होती, पण तसे घर एकही नव्हते. शहाणपण तिला दारोदार फिरताना, माणसांशी बोलताना आले. म्हणून ही भीती जोडीदारापाशी, मित्रापाशी मोठ्याने बोलून दाखवावी. देवाशी बोलण्याची सोय आपण सोडली आहे, तेव्हा माणसांशी बोलण्याची सवय तरी लावून घ्यावी.

यानंतर देहाचा प्रश्न येतो. यात तपशील फार महत्त्वाचे आहेत, म्हणून मी थोडा रेंगाळणार आहे.

नेत्रदान घरी झालेल्या मृत्यूनंतरही होते, पण ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेह असलेले लोकही नेत्रदान करू शकतात. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब आणि क अशा काही आजारांत मात्र ते स्वीकारले जात नाही. मृत्यूची खात्री होताच पापण्या नीट मिटवाव्यात, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी देऊन डोके सहाएक इंच उंच करावे आणि पंखा बंद करावा, म्हणजे डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, तो सुकत नाही. मग जवळच्या नेत्रपेढीला फोन करावा. पथक घरी येते, वीसेक मिनिटांत काम होते, रक्ताचा थोडा नमुना घेतला जातो आणि चेहरा विद्रूप होत नाही. वडिलांच्या वेळी ते दोघे तरुण आले, दार लोटून घेण्याआधी त्यांनी वडिलांना वाकून नमस्कार केला, आणि निघताना आईला म्हणाले, “आजी, दोन माणसांना दिसेल.” आई तोवर रडली नव्हती; ती त्यानंतर रडली. एरवी मृत्यूच्या घरात लोक आधी येऊन पंखाच लावतात, म्हणून पंखा बंद ठेवण्याचे काम एका माणसावर सोपवून ठेवावे. फार क्षुल्लक वाटते, पण घाईत नेमके हेच राहते.

देहदानासाठी आपल्या भागातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात जाऊन अर्ज भरायचा असतो, त्यावर जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागतात. इथे बहुतेकांची एक चूक होते. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते, आणि तो कागद कपाटात राहतो. प्रत्यक्षात मृत्यूनंतर देह महाविद्यालयात पोहोचवणे नातेवाइकांच्या हातात असते. त्यांतला एक जरी आडवा आला तरी महाविद्यालय वादात पडत नाही. शिवाय काही कारणांनी देह नाकारला जाऊ शकतो: शवविच्छेदन झालेले असेल, काही संसर्गजन्य आजार असतील, देह खराब झालेला असेल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देहदानाचा संकल्प केला होता. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, कायद्याप्रमाणे शवविच्छेदन करावे लागले आणि त्यामुळे देहदान होऊ शकले नाही. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना त्यांचे दहन झाले, मुलगा असतानाही अग्नी मुलगी मुक्ता हिने दिला, आणि राख शेतात विखुरण्यात आली. तेव्हा देहदान न झाल्यास काय, हेही लिहून ठेवावे: विद्युतदाहिनी, कोणताही मंत्र नाही, राखेचे काय करायचे ते अमुक. मूत्रपिंड, यकृत यांसारख्या अवयवांचे मरणोत्तर दान साधारणतः रुग्णालयात मेंदूमृत्यू घोषित झाल्यावरच शक्य होते, घरी गेलेल्या माणसाचे नाही. लोक या तिन्ही गोष्टींची गल्लत करतात.

आणखी एक व्यावहारिक बाब. घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देणारा डॉक्टर हवा, आणि अलीकडे ज्याने उपचार केले आहेत तोच ते सहजपणे देतो. त्याशिवाय ना देहदान होते, ना स्मशानाचा पास मिळतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. अंत्यविधीच्या सूचना केवळ मृत्युपत्रात लिहू नयेत, कारण मृत्युपत्र लोक तेरावे झाल्यावर उघडतात. एका पानाचे वेगळे पत्र करावे, त्यावर नेत्रपेढी, महाविद्यालय आणि डॉक्टर यांचे क्रमांक लिहावेत आणि ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे. आमच्याकडे ते पत्र आईच्या देवघराच्या कपाटाला चिकटवलेले होते, कारण घरात सगळ्यांचा हात रोज जाणारे कपाट तेच होते.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे आपली श्रद्धाळू माणसे. मी अखेरीस एक नियम धरला आहे आणि तो मला न्याय्य वाटतो: देहाबाबत गेलेल्याची इच्छा चालावी, शोकाबाबत राहिलेल्यांची. वडिलांना पिंडदान नको होते. त्यांचा देह महाविद्यालयात गेला. पण आईला ते गेले त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा ठेवायचा होता आणि टोपली झाकून सकाळी पाऊल उमटते का पाहायचे होते. मी परातीत पीठ चाळून दिले. वडील आयुष्यभर नास्तिक होते, पण तो दिवा त्यांच्यासाठी नव्हता, तिच्यासाठी होता, आणि तिच्या दुःखावर वडिलांच्या मतांचा हक्क चालत नाही, माझ्या तर नाहीच. सकाळी तिने टोपली उचलली, बराच वेळ पिठाकडे पाहिले आणि ती काहीच बोलली नाही. मीही विचारले नाही.

श्राद्ध न मानण्याला मोठी परंपरा आहे, हे आपल्या माणसांना वाद न घालता, दुःखाचा काळ नसताना जरूर सांगावे. श्राद्धाचे अन्न मेलेल्याला पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच त्याच्या नावाने जेवण घालावे, हा सवाल चार्वाकांच्या नावावर शतकानुशतके चालत आला आहे. जोतीराव फुले नास्तिक नव्हते, ते निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, मानत. तरी 1873 साली त्यांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाने भटजीवाचून विधी करण्याचा पायंडा पाडला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे विधी नाकारणे ही परदेशातून आलेली फॅशन नव्हे. कायद्याचीही अडचण नाही: आपल्या संविधानाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली म्हटले आहे.

पण माझ्या नियमाला एक अपवाद आहे आणि तिथे अजिबात माघार घेऊ नये. ज्या प्रथेने जिवंत माणसाचा अपमान होतो, ती राहिलेल्यांचा शोक म्हणून चालवून घेता येत नाही. वडील गेल्यावर शेजारच्या दोन बायका आईचे कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला पुढे झाल्या. तिथे मी आईच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो. आई स्वतः गोंधळलेली होती. तिला नको होते, पण नको म्हणण्याची हिंमत त्या घोळक्यात तिच्यापाशी नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, त्यानंतर राज्य सरकारनेही इतर गावांनी तसे करावे असे परिपत्रक काढले. ठराव करणारे ते गावकरी काही नास्तिक नव्हते. म्हणूनच ‘देव नसेल तर माणूस नीतीने का वागेल’ असे कोणी विचारले, की मी दुसरी बाजू विचारतो: त्या बांगड्या फोडणे चूक आहे हे हेरवाडच्या लोकांनी कशावरून ओळखले? कोणत्या पोथीत शोधून नव्हे. समोरच्या बाईला काय वाटत असेल हे त्यांनी पाहिले. श्रद्धाळू माणूसही शेवटी त्याच जागेवरून न्याय करतो, आणि त्याच्या धर्मातले काय घ्यायचे, काय टाकायचे हेही तो तिथूनच ठरवतो. आपण आणि तो या ठिकाणी एकत्र उभे आहोत, हे ओळखले की वादाची धार पुष्कळ कमी होते.

याच कसोटीने सांत्वनाचे शब्दही तपासावेत. तरुण मूल गेलेल्या आईला कोणी मागच्या जन्मीचे भोग म्हणत असेल तर ते थांबवावे. तिच्या हातून काही चुकले नाही हे तिने कोणाकडून तरी ऐकायला हवे असते, आणि ते नास्तिक माणूस निःशंकपणे सांगू शकतो. मात्र त्याच बाईला “मरणानंतर काही नसते” हे सांगायला जाऊ नये. तिने विचारलेले नाही. लहान मुलांनी विचारले तर खरे सांगावे: आजोबांचे शरीर थांबले, आता ते परत येणार नाहीत, आपल्याला त्यांची आठवण येईल. ‘झोपले’ असे सांगू नये, त्याने मुले झोपेला भिऊ लागतात. ‘देवाघरी गेले’ असे आजी सांगत असेल तर सांगू द्यावे. आजीला असे वाटते, मला तसे वाटत नाही, एवढे मुलांना सहज समजते.

विधी नसले तरी लोक एकत्र जमण्याची गरज उरते, आणि निधर्मी घरे इथेच कमी पडतात. देह गेल्यावर घर एकदम रिकामे होते, करायला काहीच नसते. धर्माने दहा-तेरा दिवस माणसाला कामात गुंतवले, त्यामागे मोठी समज आहे. म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी तासाभराची स्मृतिसभा जरूर ठेवावी. वक्ते चारच असावेत, त्यांना आधी सांगावे की गुणगान नको, पाहिलेला एक प्रसंग सांगा. वडिलांच्या सभेत त्यांच्या शाळेतल्या शिपायाने सांगितले की गुरुजी रोज स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्यासाठी ठेवत आणि “मला आज भूक नाही” म्हणत, तेही सलग अकरा वर्षे. घरात हे कोणालाच माहीत नव्हते. आई रोज तीन पोळ्या देत होती; दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “सांगितलं असतं तर चार दिल्या असत्या.”

शेवटी, जो नियम आपण इतरांना लावतो तो आपल्यालाही लागू करावा. मागच्या पितृपक्षात आईने मला बसवून घेतले आणि म्हणाली, “त्यांचं तू त्यांच्या मनासारखं केलंस. माझं माझ्या मनासारखं करशील ना? मला दहावं हवं, पिंड हवेत, आणि ते तूच करायचंस.” मी आयुष्यात कधी जानवे घातलेले नाही. मी कागद घेतला आणि ती सांगेल तसे लिहीत गेलो: कोणता घाट, कोणते गुरुजी, नैवेद्याला पुरणाची पोळी, नेत्रदान चालेल पण देहदान नको. कावळा शिवला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून मोकळे होतात, तो तिला नको आहे. तिने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावले आणि खाली सही केली: ‘घाई करायची नाही. कावळा येईपर्यंत थांबायचं.’ कागद कपाटाच्या दाराला, वडिलांच्या पत्राची जागा रिकामी होती तिथे, चिकटवला आहे.